चपलांपाशी ठेवलेली केरसुणी

“ती केरसुणी आत नको. बाहेर ठेव, चपलांपाशी.”

चर्चच्या दारात हे ऐकावं लागलं. बोलले आमच्या होस्टेलचे साहेब. त्या रविवारी ते चर्चचे पंच म्हणून कोट घालून दारात उभे होते, येईल त्याला हसून सलाम करत होते. माझ्या हातात केरसुणी दिसली आणि हसू गेलं.

मी छावणीतल्या ख्रिस्ती होस्टेलात झाडूवाली. खोल्या, व्हरांडे, संडास, सगळं माझ्याकडं. शिवाय शनिवारी चर्च झाडायचं. त्याचा पगार नव्हता. ती सेवा होती, म्हणे.

आदल्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला होता. रोजचं काम हेच देवानं केलेलं पाचारण. नर्स असो, सुतार असो, ड्रायव्हर असो, जो तो आपल्या जागी देवाचीच चाकरी करतो. कुठलंच काम हलकं नाही. आणि शेवटी म्हणाले, “पुढच्या रविवारी प्रत्येकानं आपल्या कामाची वस्तू घेऊन या. वेदीपुढं ठेवू, तिच्यावर प्रार्थना करू.”

प्रत्येकानं, असं म्हणाले. मी ते खरं धरलं. इतकी वर्षं त्या चर्चात बसून मला एवढंही कळू नये!

शनिवारी केरसुणी सोड्याच्या पाण्यात धुतली. उन्हात वाळवली. ढिली झालेली दोरी आवळून बांधली. नवी नेता आली असती, पण नवीनं माझं कुठलं काम केलं होतं? झिजून आखूड झालेली, रोजच्या हातातली, तीच घेतली.

केरसुणी बांधणं मला आईनं शिकवलं. आम्ही वैजापूरकडच्या मांगवाड्यातले. बाप ख्रिस्ती झाला, शहरात आला, पण आईचा शिंदीच्या पानांशी संबंध सुटला नाही. दिवाळीच्या आधी ती शहागंजच्या बाजारात केरसुण्या घेऊन बसायची. गिऱ्हाईक बाई म्हणायची, “खाली ठेव, मी उचलते.” मग घरी नेऊन तिच्यावर पाणी शिंपडायची आणि लक्ष्मीपूजनाला त्याच केरसुणीला हळदकुंकू वाहायची. केरसुणी लक्ष्मी, आणि बांधणारी विटाळ. आई घरी येऊन सांगायची, “आपल्या देवाच्या घरी असं नाय बाई. तिथं समदी सारखी.” हे म्हणताना तिचा चेहरा उजळायचा.

आई मेली तेव्हा तिचा तो विश्वास शाबूत होता. बरं झालं, हा रविवार बघायला ती राहिली नाही.

मी केरसुणी चपलांपाशी ठेवली. हो, ठेवली. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचीच चीड आली. शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

वेदीपुढच्या मेजावर एकेक वस्तू येत होती. नर्सबाईंची कात्री. सुताराचा रंधा, त्याच्या तोंडाला भुसा तसाच. ड्रायव्हरची गाडीची किल्ली. होस्टेलच्या साहेबांनी आपलं फाउंटन पेन ठेवलं. पाळकसाहेबांनी एकेका कामाचं नाव घेऊन प्रार्थना केली. नावं संपली. आमेन झालं. माझं काम कुणाला आठवलंही नाही. त्याच कामानं झाडलेल्या फरशीवर सगळे गुडघे टेकून होते.

या साहेबांचा आजा आणि माझा आजा एकाच मांगवाड्यातले. त्यांच्या घरात बायबल दोन पिढ्या आधी आलं, शाळा आधी आली. एवढाच फरक. दुसऱ्या कुणी हाकललं असतं तर इतकं लागलं नसतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो असा.

उपासना संपली. वेदीपुढं झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या, रंध्याचा भुसा सांडला होता. लोकांनी अजून आपापल्या वस्तू उचलल्या नव्हत्या. साहेबांनी मागं वळून हाक मारली, “अगं, केरसुणी आण. वेदीपुढं केर झालाय.”

म्हणजे आता ती आत चालणार होती.

मी उठले. चपलांमधून केरसुणी उचलली. मधल्या वाटेनं चालत गेले आणि मेजावर ठेवली. त्यांच्या पेनाशेजारी.

“आणली. आता हिच्यावर प्रार्थना करा. मग झाडते.”

साहेबांची इस्त्रीची भाषा गेली, आज्याची आली. “लई शानी झालीस व्हय? उचल ती!”

मी पाळकसाहेबांकडं बघितलं. “तुम्हीच म्हणालात ना, प्रत्येकानं?”

त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं. “बाई, उपासना संपली आता. पुढच्या वेळी बघू.”

एक प्रार्थना. दोन वाक्यं लागली असती. देवाला घाई नव्हती, पाळकाला होती.

“मग झाडणार कोण?” साहेबांनी विचारलं.

“ज्यांच्या वस्तूवर प्रार्थना झाली त्यांनी.”

केरसुणी उचलली आणि घरी आले. सोमवारी मला खोल्या-व्हरांड्यांवरून काढून नुसत्या संडासांवर टाकलं. केलं. पोटाचं काम आहे, सोडलं नाही. पण चर्च झाडायला परत गेले नाही. त्यांनी फुलंब्रीकडची दुसरी बाई आणली. तीही आमच्यातलीच. पहिल्याच दिवशी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अक्का, मला लेकरं हायेत.” तिच्यावर कसा रागावू?

तो वस्तूंचा रविवार आता दरवर्षी होतो. त्यांना तो आवडला. दरवर्षी मी केरसुणी धुते, दोरी आवळते आणि सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या बाकावर बसते. मांडीवर आडवी धरून. दारातले पंच बदलले, पाळक बदलले. कुणी म्हणतं बाहेर ठेवा, कुणी म्हणतं पुढच्या वेळी. मी चपलांपाशी ठेवत नाही. प्रार्थना अजून झालेली नाही.

यंदाही जाणार आहे. माझ्यानंतर ही केरसुणी पोरीकडं जाईल. झाडायला नाही, ती शिकतेय. त्या बाकावर घेऊन बसायला. तिला सांगून ठेवलंय, प्रार्थना झाल्याशिवाय उठायचं नाही.