मुठीच्या मापाचे मोजे

भर उन्हाळ्यात, कूलरसुद्धा गरम हवा फेकते तवा, लोकरीचे मोजे विणत बसणारी बाई तुमी कवा पाह्यली काय? आमच्या तांड्यात हाये. नानीबाई तिचं नाव. माही भावजय, माह्या भावाची, हरिसिंगची बायको. तिचं घर अन् माहं घर एकाच भिंतीले लागून हाये, म्हणून तिकडचं बरंवाईट मले न सांगता समजते. उभा जन्म आमी दोघी भांडलो. तिचं चांगलं सांगायची मले सवय नाई, पण आज सांगतो.

रिसोडच्या अलीकडे फाट्यावर उतरलं की आमचा तांडा. दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊस तोडायले जाते, तिकडे सांगली-कोल्हापुराकडे, अन् उन्हाळा लागता लागता वापस येते. हिवाळ्यात पहाटे उसाच्या फडात उतरावं लागते. पाचट दवानं ओलंचिंब असते. रबरी बुटात नुसता पाय घातला की टाचा फाटतात, रक्त येते. नानीबाई जवान होती तवा एका मळेवाल्याची म्हातारी आई दुपारच्याले मोजे विणत बसे. भाकर खाता खाता हिनं तिच्याजवळ बसून ते शिकून घेतलं. सुया कुठल्या आणाव्या? सायकलच्या चाकाच्या तारा घेतल्या अन् गोट्यावर घासून टोकं गोल केली. लोकर म्हणजे बाजारातले जुने स्वेटर, उसवून धुवून वाळवलेले. मंग एक पाय लाल तर दुसरा हिरवा. मुकादम माह्या भावाले म्हणे, "काय हरिसिंग, सिग्नल पायात घालून आला काय?" भाऊ कायले बोलते, त्याच्या तोंडात सदा तंबाखू.

तिचं माप घ्यायचं तऱ्हेवाईक. पायाले हातच लावत नसे. "मूठ दे," म्हणे. वळलेल्या मुठीभोवती धागा फिरवला की तेवढाच पाय असते, टाचेपासून बोटापर्यंत. खोटं वाटत असन तर करून पाहा. उन्हाळ्यात जो जो फडावर जाणार, थो तिच्या ओट्यावर येऊन मूठ पुढे करे. पण शाळेतल्या लेकराची मूठ ती घेत नसे. ते तिनंच ठरवलेलं होतं. म्हणे, मूठ घेतली की लेकरू फडात गेलंच समजा. तिची नात रुचिका लहान होती तवा दरसाल मुद्दाम मूठ पुढे करे, अन् नानीबाई त्या मुठीवर चापट मारून तिच्यात गुळाचा खडा कोंबे. "पेन धर त्या हातानं," म्हणे.

ह्या रुचिकाले मी वाढवली. माय रेणू अन् बाप राजपाल फडावर, दादी-दादाही हातपाय थकेपर्यंत फडावर, अन् पोरगी माह्या चुलीपाशी. म्हणून आमच्या घरी उन्हाळा हाच सण. सगळे एका जागी. दुपारी लिंबाखाली खाटा टाकायच्या, कुरडया घालायच्या, कुरडयाचा चीक वाटीत घेऊन खायचा, संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडायचं. राजपाल मोबाईलवर लुडो लावून पोरीसोबत खेळे अन् हरला की चिडे, एवढा बाप्या माणूस. यंदाही असंच चाललं होतं. फक्त रेणू खाटेवरून उठत नव्हती. फडावर मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना ती घसरून पडली. वाशिमच्या डॉक्टरनं सांगितलं, कमरेचा मणका गेला, आता जन्मात वजन उचलायचं नाई. ती पडल्या पडल्याच कुरडयाची गिनती करे अन् आमाले हुकूम सोडे. हसत होतो आमी. खरं सांगतो, चांगले दिवस होते.

रुचिका नववी पास झाली होती. सुट्टीत काय करू म्हणे, तर दादीनं तिच्या हातात तारा दिल्या. पायाची नळी तर पोरगी दोन-तीन दिवसांतच विणायले लागली, पण टाच जमत नव्हती. मोज्याची टाच अवघड असते. अर्धे टाके तारेवर ठेवून द्यायचे अन् अर्ध्यावरच मागं-पुढं विणत जायचं, मंग सगळे पुन्हा जोडायचे. पोरगी चुके, तिथी भोक पडे. नानीबाई त्या भोकातून बोट काढून तिले दाखवे. "इथून तुहा दादा तंबाखू थुंकन," म्हणे. पोरगी हसून हसून आडवी पडे अन् पुन्हा उसवे. "टाच जमली की तू माही खरी नात," असं दादी म्हणे.

मंग लखीराम आला. लखीराम म्हणजे मुकादम, जोड्या जमवणारा. मोटारसायकल लिंबाखाली लावली, माह्याच हातचं पन्हं प्याला अन् रेणूच्या खाटेकडे पाह्यलं.

"राजपाल, औंदा कसं?" थो म्हणे. "एकट्या गड्याचा कोयता लागत नाई, तुले माहीत हाये. तोडणारा एक, मोळी बांधून वाहणारा एक. जोडी पायजे."

"पाहू," राजपाल म्हणाला.

"पाहायचं काय त्याच्यात? पोरगी केवढी झाली ते पाह्य की. तुह्या खांद्याले लागली."

रुचिका तिथीच बसून होती, मोज्यात तोंड घालून. मले असा राग आला की त्याच्या हातातला गिलास मी ओढून घेतला, अर्धा भरलेला. पण बोलली नानीबाई. "जोडी पायजे न? मी येतो."

लखीराम हसला. "मावशी, तुमी? बरं. आठ दिवसांनी जोडी पक्की करायले येतो, तयारीत राहा," म्हणे अन् गेला. मस्करी करून राह्यला होता, पण तिनं ती मस्करी धरलीच नाई.

त्याच दिवशी तिनं स्वतःच्या मुठीचं माप घेतलं. सगळ्यात चांगली लोकर काढली, रेणूच्या लग्नातल्या स्वेटरची, जांभळी. दोन्ही पाय एकाच रंगाचे. कधी नाई ते गाणं गुणगुणत विणत होती. रुचिका तिच्या मांडीले टेकून दहावीचं पुस्तक वाचे. कोणाचं जुनं मागून आणलं होतं तिनं. मी भावजयीले म्हटलं, "भाबी, तोंडात दात नाई, अन् उसात चालली काय?" ती म्हणे, "ऊस तोडायचा हाये, खायचा नाई." आमी सगळे हसलो. आमाले वाटलं, होऊन जाईन. माणसाले वाटायले काय लागते.

मोजे झाले. सकाळच्या गारव्यात ती कोयता घेऊन माह्या कडवळात, ढोराच्या हिरव्या ज्वारीत शिरली, हात मोकळा करायले म्हणून. मी बांधावर उभी होती. पहिल्या घावात धाट कापल्या गेलं. दुसऱ्याले कोयताच हातातून सुटला अन् पुढे जाऊन पडला. तिनं उचलला. पुन्हा सुटला. मी जवळ जाऊन तिचा हात धरला अन् म्हटलं, मूठ वळ. वळत नव्हती. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली होती, गाठी-गाठीची. विणायले तेवढी वळली की भागते. कोयत्याले पुरी मूठ लागते. अन् हिनं स्वतःचं माप घेतलं ते त्याच उघड्या मुठीवर, म्हणून ते जांभळे मोजे तिच्या पायाले लांब झालेले. इतक्या वर्षांत तिचं माप पहिल्यांदा चुकलं. ते आमी दोघीच समजलो.

घरी आलो तवा कोयता माह्या हातात होता. रेणू म्हणाली, "कमरेले पट्टा बांधून मीच जातो," अन् रडायले लागली. राजपाल म्हणाला, "एका वर्षाचाच सवाल हाये. पुढच्या साली दहावीले बसन." एक वर्ष. ह्या तांड्यात माह्या डोळ्यादेखत किती पोरी एका वर्षासाठी गेल्या. एकही वापस येऊन बाकावर बसली नाई. फडातून आल्या त्या थेट सासरी. हे मी राजपालच्या तोंडावर म्हटलं. थो मान खाली घालून म्हणे, "मंग तूच सांग आत्या, काय करू?" सोयाबीन निघाली की इथी मजुरी नाई, हे मलेही माहीत हाये. भाऊ उठून बाहेर गेला.

त्या दिवशी दुपारी रुचिका ओट्यावर आली. दादीपुढे बसली अन् वळलेली मूठ पुढे केली. लहानपणी करे तशीच, पण हसत नव्हती.

नानीबाईनं चापट मारली नाई. धागाही घेतला नाई. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली अन् तोंड भिंतीकडे केलं.

"घे न दादी."

"मी नाई घेत."

"नको घेऊ मंग," पोरगी म्हणाली. तिनं ते जांभळे मोजे ओढून घेतले, टोक शोधलं अन् उसवायले लागली. दादीनं हात लावला नाई. सगळी लोकर मोकळी झाली तवा पोरीनं आपल्या एका मुठीभोवती दुसऱ्या हातानं धागा फिरवला, दातानं तोडला अन् तारा घेऊन बसली. दहावीचं पुस्तक कोनाड्यात गेलं, लुडो बंद झाला. सुट्टी अजून बाकी होती, पण आमच्या घरची संपली.

शाळा उघडली त्याच्या आदल्या दिवशी तिनं मोजे आणून दादीच्या मांडीवर ठेवले. नानीबाईनं एकात हात घातला. टाचेपाशी बोट फिरवलं, आतून, बाहेरून, दोन्ही बाजूंनी. भोक शोधत होती ती. देवा, भोक सापडो म्हणून शोधत होती.

"टाच जमली," ती म्हणाली.