उत्तर तोंडी द्यायचं

गुरुदत्त आठल्येने ठाण्यातला कापूरबावडीचा फ्लॅट का नाकारला, त्याचं खरं कारण त्याने बायकोला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. फ्लॅट चांगला होता, हवेशीर होता, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन यायचं. पण तिथे राहायला गेलो तर जन्मभर प्रत्येक रिक्षावाल्याला 'कापूरबावडी' म्हणावं लागणार आणि तो 'का' आपल्या घशातून सुटणार नाही, या विचाराने त्याला फ्लॅट बघता बघताच घाम फुटला होता. मग त्यांनी वर्तकनगरला जुन्या वसाहतीत घर घेतलं. 'व' त्याला सोपा जायचा.

गुरुदत्त बोलताना अडखळतो. लहानपणापासून. क, ग, प, ब ही अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला आली की त्याचा घसा बंद होतो, मान किंचित वर जाते आणि डोळे मिटतात. आवाज येतच नाही. समोरच्याला वाटतं, याला काही आठवत नाहीये. मग समोरचा मदत करायला जातो, स्वतःच शब्द सुचवतो आणि बहुतेक वेळा चुकीचा सुचवतो. त्यात आईवडिलांनी नाव ठेवलं गुरुदत्त.

शाळेत असताना, डोंबिवलीला, त्याने यावर एक उपाय शोधून काढला. अडणारा शब्द दोन शब्द आधीच दिसायला लागतो. तो येण्यापूर्वी वाट बदलायची. 'पगार' अडत असेल तर 'वेतन' म्हणायचं. 'बायको' अडली तर 'सौभाग्यवती'. 'कारण' अडलं तर 'हेतू'. बोलता बोलता डोक्यात अशी सतत शोधाशोध चालू असायची. बाळकुमच्या एका औषध कंपनीत तो डब्यांवरचा आणि माहितीपत्रकांवरचा मजकूर तपासायच्या कामाला आहे. तिथले लोक म्हणतात, आठल्येसाहेब मराठी फार शुद्ध बोलतात. तो हसून मान हलवतो.

शब्दकोड्यांची गोडीही यातूनच लागली असणार. डोंबिवलीच्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला एकाच विषयावरचं कोडं यायचं. कधी विषय भाज्या, कधी दागिने, कधी किल्ले. सगळे आडवे-उभे शब्द भरून झाले की रंगवलेल्या घरांकडे वळायचं. त्या घरांतली अक्षरं उचलून, उलटसुलट लावून शेवटचा शब्द काढायचा. तो शब्द कोड्यात कुठेही विचारलेला नसायचा, खाली नुसती एक सूचक ओळ दिलेली असायची. गुरुदत्त तो शब्द पुष्कळदा कोडं अर्धं भरलं असतानाच काढायचा आणि उरलेलं निवांत भरायचा. तोंड उघडायची गरज नाही असं शब्दांचं दुसरं काम त्याला तेव्हा माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी त्याच साप्ताहिकाने स्पर्धा जाहीर केली. प्राथमिक फेरी घरी सोडवून पाठवायची होती. गुरुदत्तने पाठवली. दुसरी फेरी ठाण्याला एका शाळेत झाली, तीही लेखी. तो गेला, सोडवून आला, घरी येऊन जेवला आणि विसरला. पंधरवड्याने फोनवर मेसेज आला. अंतिम फेरीसाठी तिघांची निवड झाली होती, त्यात त्याचं नाव होतं. खाली नियम होते. अंतिम फेरी डोंबिवलीच्या सभागृहात, प्रेक्षकांसमोर. ज्याला शेवटचा शब्द सापडेल त्याने घंटा वाजवायची. वाळूचं घड्याळ उलटं केलं जाईल. वाळू संपायच्या आत उत्तर तोंडी द्यायचं.

हेमांगीने, त्याच्या बायकोने, मेसेज वाचला आणि आनंदाने त्याच्या पाठीवर थाप मारली. मग तिने त्याचा चेहरा बघितला.

"मी त्यांना फोन करू?" ती म्हणाली. "लिहून दाखवलं तर चालेल का, एवढंच विचारते. नाही कशाला म्हणतील?"

"नको."

"अरे, पण का?"

"मग सगळे तसे ब—ब... तसे न्याहाळतील."

तसे म्हणजे कसे, ते हेमांगीला माहीत होतं. तिने फोन त्याच्या हातात परत दिला.

पुढचे दिवस वाईट गेले. गुरुदत्तला जेवण जाईना. ऑफिसच्या बसमध्ये तो ओठांतल्या ओठांत शब्द म्हणून बघायचा. ग, गाजर, गवत. एकटा असताना सगळे शब्द गुळगुळीत निघायचे, हीच तर त्या दुखण्याची चेष्टा होती. आजारी पडलो तर, असं त्याला वाटायचं. ताप आला तर सुटलो. एकदा त्याने खरोखर कपाळाला हात लावून पाहिला. उत्तर कुठल्या अक्षराने सुरू होईल, हाच एक विचार. 'स' आलं तर जमेल. 'न', 'म', 'व' सगळी चालतील. मुळाक्षरांतली निम्म्याहून अधिक अक्षरं आपल्या बाजूची आहेत, असा हिशेब तो मनाशी मांडायचा आणि लगेच त्याला वाटायचं, म्हणजे नक्की 'क'च येणार.

"जाऊच नकोस," शेवटी हेमांगी म्हणाली. "तुझी ही दशा बघवत नाही मला. एक कोडं ते काय."

"जातो," तो म्हणाला. का जातो, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळी दोघं स्कूटरवरून शिळफाट्यामार्गे डोंबिवलीला गेले. सभागृह निम्मं भरलेलं होतं. साप्ताहिकाच्या संपादक शालनताई, साठीच्या, नीटनेटक्या, दारातच भेटल्या. त्यांनी प्रेमाने नाव विचारलं. गुरुदत्तने खिशातून फोन काढून निवडीचा मेसेज पुढे केला. "हो हो, आठल्ये! या," त्या म्हणाल्या.

स्टेजवर तीन टेबलं होती, प्रत्येकावर माईक आणि घंटा. एका टेबलावर कल्याणच्या निवृत्त शिक्षिका होत्या. मधल्यावर हितेश नावाचा पस्तिशीचा, घोडबंदर रोडला राहणारा माणूस होता. तो सगळ्यांशी मोठ्याने बोलत होता. "मी तर यायलाच उशीर केलेला, ट्रॅफिकमध्ये अडकलेलो," त्याने गुरुदत्तला सांगितलं. गुरुदत्तने मान हलवली.

कागद वाटले गेले. विषय होता, पाणी आणि होड्या. गुरुदत्तने भरायला सुरुवात केली. लाटा, भरती, वल्हं, शीड. शब्द एकामागून एक येऊन आपापल्या घरांत बसत होते. 'पाण्यात एका पायावर उभा', तीन अक्षरं, बगळा. 'होडीला जागच्या जागी धरतो', नांगर. 'ओंडके बांधून केलेला', तराफा. 'होडीवर याचा हुकूम चालतो', तीन अक्षरं. नाखवा की तांडेल? दोन्ही तीनच. त्याने आडवा शब्द धरून पाहिला, नाखवा बसत नव्हता. तांडेल.

रंगवलेली घरं चार. नांगरातला ग. तांडेलातला ल. बगळ्यातला ब. तराफ्यातला त. खाली ओळ होती, 'कल्याणच्या बंदरात कधीकाळी लागायचं'.

गलबत.

त्याला ते इतक्या लवकर दिसलं की आधी नुसता आनंद झाला. मग पहिलं अक्षर दिसलं.

तारू म्हणता आलं असतं. नौका म्हणता आलं असतं. जहाज तर लोण्यासारखं निघालं असतं. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं, पण इथे चार घरं होती आणि त्या चार घरांत दुसरा कुठलाही शब्द जात नव्हता. त्याने डोकं वर केलं नाही. पेन्सिल कागदावर टेकवून तो अजून सोडवतोय असं दाखवत बसला. शिक्षिका अजून भरत होत्या. हितेश खोडरबराने तांडेलाला छेदणारा आडवा शब्द पुन्हा पुन्हा खोडत होता. त्याने नाखवा लिहिलं असणार, हे गुरुदत्तला कळलं.

"थोडाच वेळ उरलाय," शालनताई म्हणाल्या. "कुणालाच आलं नाही तर बक्षीस तिघांत."

जाऊ दे तिघांत, गुरुदत्तला वाटलं. किती सोपं. कुणाला कळणारही नाही. त्याने प्रेक्षकांकडे पाहिलं. हेमांगी तिसऱ्या रांगेत होती आणि तिला कळलेलं होतं. त्याला उत्तर आलंय आणि तो ते दाबून बसलाय, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ती रागावलेली नव्हती. तिने नजर खाली वळवली, त्याला एकटं सोडल्यासारखी.

घंटा वाजली. आपल्याच हाताने वाजवली, हे त्याला क्षणभराने समजलं.

"आठल्ये! सांगा," शालनताईंनी घड्याळ उलटं केलं.

तो माईककडे वाकला. घसा बंद. मान वर गेली, डोळे मिटले. मग कुठूनतरी, खूप लांबून आल्यासारखा, आवाज निघाला. "ग... ग... ग..."

कुणीतरी हसलं. कुणीतरी त्याला दटावलं. मागून एक बाई कळवळून म्हणाल्या, "गंगा का? गोदावरी?"

"कृपया कुणी सुचवू नका," शालनताई म्हणाल्या. वाळू पडत होती. गुरुदत्त डोळे मिटून त्या अक्षराला ढकलत होता आणि ते हलत नव्हतं. मानेवरून घाम शर्टात उतरत होता.

वाळू संपली. त्याच क्षणी मधल्या टेबलावरची घंटा वाजली.

"गलबत!" हितेश म्हणाला.

आणि त्याच्या आवाजाबरोबर, त्याला चिकटून, गुरुदत्तच्या तोंडूनही शब्द निघाला. गलबत. स्वच्छ, अखंड. दुसऱ्याबरोबर एकदम बोलताना तो कधीच अडत नसे. शाळेत प्रार्थना म्हणताना नव्हता, आरतीतही नव्हता.

टाळ्या पडल्या, पण बिचकत. शालनताईंनी बाजूला बसलेल्या परीक्षकांशी कुजबुज केली आणि जाहीर केलं. नियमाप्रमाणे पहिला क्रमांक हितेशचा, दुसरा गुरुदत्त आठल्ये यांचा. "आपण सगळ्यांनी आठल्येंच्या धाडसाचं कौतुक करू या," त्या म्हणाल्या आणि आता टाळ्या जोरात पडल्या.

हेमांगी सांगते, त्या टाळ्यांनीच त्याचं डोकं फिरलं. ती उठून पिशवी घेत होती, इतक्यात माईकवर त्याचा आवाज आला.

"एक मिनिट."

टाळ्या थांबल्या.

"यांच्या क—कागदावर," तो म्हणाला. इथे त्याला 'पत्रिका' सुचला होता, तोही अडणारा, आणि त्याने शोधणं सोडून दिलं. "कागदावर नाखवा आहे. त्यातून ग—ग—" पुन्हा बंद. सगळे बघत होते. त्याने थांबून श्वास घेतला आणि परत सुरुवात केली. "गलबत निघत नाही. त्यांना ते माझ्या ग—ग वरून सुचलं. क—कौतुक नको. ते तपासा."

एवढं बोलायला त्याला किती वेळ लागला ते कुणी मोजलं नाही, पण बसलेल्यांना फार वाटला. कुणी हसलं नाही. परीक्षकांनी हितेशचा कागद मागवला. नाखवाच होता.

हितेशचा चेहरा पडला. "हो, यांच्या 'ग'वरूनच सुचलं," तो म्हणाला. "पण ऐकून ओळखायचं नाही, असं नियमात कुठे लिहिलेलं? मी चीटिंग नाही केली, ताई."

तेही खरंच होतं. परीक्षक पुन्हा कुजबुजले. निर्णय बदलला नाही. पहिला हितेश, दुसरा गुरुदत्त. शालनताईंनी गुरुदत्तसमोर येऊन त्याच्या हातात प्रमाणपत्र दिलं.

घरी परतताना शिळफाट्याला त्याने स्कूटर बाजूला घेतली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन ओकला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्यामुळे नुसतं पाणी पडलं. हेमांगीने बाटली पुढे केली. त्याने चूळ भरली.

"मी उगाच ब—बोललो," तो म्हणाला. "हसं झालं."

"कुणी हसलं नाही नंतर."

"आधी हसले."

"एक जण."

स्कूटर तिने चालवली. पुढचे आठ-दहा दिवस त्याला झोप नीट लागली नाही. जरा डोळा लागला की वाळू दिसायची. ऑफिसात कुणाला कळलं असेल का, कुणी व्हिडिओ काढला असेल का, या धास्तीने तो दर थोड्या वेळाने फोन बघायचा. व्हिडिओ कुणी काढला नव्हता. तो बरा झाला, धीट झाला, असं काही घडलं नाही. आजही अनोळखी नंबर वाजला तर तो फोन हेमांगीकडे देतो.

यंदा स्पर्धेची जाहिरात आली तेव्हा नियम बदलले होते. उत्तर तिघांनीही पाटीवर लिहून वर धरायचं होतं. शालनताईंनी त्याला स्वतः मेसेज पाठवला, अगदी साधा, 'या वर्षी भाग घ्याल ना?' गुरुदत्त गेला. रात्री झोपला होता, सकाळी उपमाही खाल्ला होता. विषय होता स्वयंपाकाची भांडी. तो तिसरा आला. हितेशने त्याच्या खूप आधी पाटी वर केली होती आणि या वेळी त्याचा कागदही पूर्ण बरोबर होता.

घरी येताना पूर्ण वाटभर तो मागे बसलेल्या हेमांगीशी भांडत होता, जणू कोडं तिनेच रचलं होतं.

"क—कावळा म्हणे भांडं!"

"अरे, तेल वाढायचा कावळा असतो. माझ्या आजीकडे होता."

"क—कोकणात असेल. ठाण्यात क—कोण म्हणतं क—कावळा? सूत्रातच चूक आहे. प—पत्र लिहितो मी त्यांना."

"लिही," हेमांगी म्हणाली. "आणि समोर बघ, सिग्नल लागलाय."