सरांच्या सहा काचा

न दिसणाऱ्या वस्तूवर आमच्या फिजिक्सच्या सरांइतका जीव लावणारा माणूस उभ्या परतूर तालुक्यात झाला नाही. यात भजनी मंडळंही धरली. परतूरच्या कॉलेजात ते फिजिक्स शिकवायचे, मी केमिस्ट्री, आणि प्रयोगशाळेचं कपाट दोघांत एक. नव्वदच्या आसपास त्यांच्या डोक्यात शिरलं, की काचेवर झिंक ऑक्साइडचा असा पातळ थर, त्यांच्या भाषेत 'फिल्म', चढवायचा, की काच आरपार दिसली पाहिजे आणि तिच्यावरून वीजही वाहिली पाहिजे. त्यावर त्यांना पीएच.डी. करायची होती. रीत सोपी: जस्ताच्या क्षाराचं पाणी तापल्या काचेवर फवारायचं. सोपी म्हणे! फवाऱ्याला हवा लागते म्हणून ते पंक्चरवाल्याकडून ट्रॅक्टरची ट्यूब टम्म फुगवून भर बाजारातून गडगडवत आणायचे. लोक विचारायचे, "सर, पोहायला चालले का?" हे थांबून प्रत्येकाला झिंक ऑक्साइड समजावून सांगायचे.

फवारा किती बारीक हवा, याचं तर त्यांना वेडच लागलं होतं. भाचीच्या लग्नात गुलाबपाणी शिंपडायचं काम यांच्याकडं दिलं, तर हे मांडवाच्या दारात गुलाबदाणीची भोकं मोजत बसले आणि वऱ्हाड कोरडंच आत गेलं. हॉटेलात डोसा गार होऊ देऊन तव्यावर नाचणारे पाण्याचे थेंब बघायचे. मला म्हणायचे, "बघा सर, थेंब मोठा पडला की काच तडकलीच. जल्दी केली की बिघडलं." दोन वर्षांत किती काचा तडकल्या देव जाणे, पण शेवटी सहा साधल्या. मीटर लावला की काटा टुणकन उडायचा, आणि त्याच्याबरोबर सरही. त्या सहा काचा सोमवारी औरंगाबादला विद्यापीठात दाखवल्या, की पीएच.डी.ला नाव नोंदलं जाणार होतं.

शनिवारी कॉलेजच्या तपासणीला माणसं यायची होती, म्हणून मी कपाट आवरायला घेतलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा काचा सापडल्या. सरांच्या काचा त्यांच्या घरी असतील असं मी धरून चाललेलो, आणि ह्यांच्यावर तर तेलकट, रंगीत झाक. मी मूर्खानं त्या पातळ ॲसिडात बुडवून लख्ख केल्या आणि कपाट चकाचक झालं या खुशीत परत गुंडाळून ठेवल्या. झिंक ऑक्साइड ॲसिडात विरघळतं, हे मी दरवर्षी पोरांना फळ्यावर लिहून देत होतो हो!

सोमवारी निघण्याआधी सरांनी मीटर लावला. काटा हलेना. दुसरी काच, तिसरी, सहावी. माझ्या सगळं ध्यानात आलं, आणि तोंडातून काय निघावं? "दमट हवेनं थर गेला असंल, सर." आज लिहितानाही लाज वाटते.

"मंग ही फिल्म टिकतच न्हाई म्हणा," सर म्हणाले. औरंगाबादला गेलेच नाहीत. टिकत नाही ते पुन्हा करून काय उपयोग, म्हणून ट्यूबही परत केली. मी रोज त्यांच्यासोबत चहा पीत राहिलो आणि गप्प बसलो.

ते रिटायर झाले तेव्हा या गोष्टीला बारा वर्षं झाली होती. एका रविवारी वाटूरला त्यांच्या घरी गेलो आणि एकदाचं सांगून टाकलं. शिव्या खायच्या तयारीनंच गेलो होतो.

सर म्हणाले, "म्हणजे फिल्म बराबर होती?"

"होती, सर."

"बिलकुल बराबर?"

मी मान हलवली. सर ताडकन उठले आणि आत तोंड करून ओरडले, "ऐकलं का? माझी फिल्म चांगली होती! ह्या सरांनी धुऊन टाकल्ती!"

वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. त्या हसल्या नाहीत. "बारा वर्षं म्हणून राह्यले, आपल्याला जमलं न्हाई, जमलं न्हाई," एवढंच बोलल्या आणि कप माझ्यापुढं ठेवला. सर मात्र माझा हात दोन्ही हातांत धरून, येऊन सांगितल्याबद्दल माझे आभार मानत होते.