मामाआजोबांचे पिवळे हात

बाळांनो, लग्नाच्या फोटोत मामाआजोबांचे हात मनगटापर्यंत पिवळे का, असं तुम्ही विचारलंत. व्हिडिओ कॉलवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

माझा हा धाकटा भाऊ बरीच वर्षं दारू प्यायचा. गेल्या वर्षी त्याला कावीळ झाली, पोटात पाणी झालं. यापुढे प्यायलात तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा त्याने सोडली. पण त्याने सोडलेली आम्ही याआधीही पाहिली होती. म्हणून सायखेड्याला माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा बहिणीने त्याला तोंडावर सांगितलं, "हळदीला प्यायलास, तर पोरीच्या पाठीशी आपला चुलतभाऊ उभा राहील. त्याचाही फेटा आणून ठेवलाय."

मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामाने उभं राहायचं असतं.

हळदीच्या दिवशी दुपार कलली तशी मांडवामागे गाड्यांच्या डिक्क्या उघडल्या, बाटल्या निघाल्या. आता आपल्याकडे हळद म्हटली की हे आलंच. शिक्षक, जावई, कॉलेजची मुलं, सगळे तिकडेच. मुलीचे काका ग्लास घेऊन भावाकडे आले.

"मामा, मानाचा आहे. घोटभर तरी घ्या!"

"माझा कोटा संपला, पाव्हणं. तुमच्या वाटणीची बी मीच पिऊन बसलोय."

सगळे हसले, पण ग्लास काही हलेना. भावाचा हात थरथरत होता. तो उठला आणि थेट बायकांत येऊन जात्यापुढे बसला. पुरुषाने लग्नाची हळद दळलेली मी कधीच पाहिली नव्हती.

"अगं बाई, मामा आता ओव्या पण म्हणायचे का?" जात्यावरच्या म्हातारीने टोमणा मारला.

"म्हणंल की, मावशे. फक्त मला इथनं उठवू नका. हितवर ग्लास येत नाय."

ती हसायची थांबली. खुंट्यावरचा हात जरा खाली सरकवून तिने त्याला जागा करून दिली.

दळून झालं तरी तो उठला नाही. परातीत हळद कालवत राहिला. मागे गाणी, आरडाओरडा, त्याला मारलेल्या हाका. याची मान खालीच. मी एवढी शिकले, एवढं वाचलं, पण माणूस स्वतःला असा धरून ठेवू शकतो, हे इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ कुठे दिसेना. तो एका गाडीच्या मागच्या सीटवर सापडला, हलवूनही जागा होईना. आम्ही सगळे एकाच माणसावर नजर ठेवून बसलो होतो!

बहिणीने फेटा आपल्या हाताने भावाच्या डोक्यावर ठेवला.

"हात तरी धुऊन यायचे."

"दोनदा धुतले, ताई. जात नाय."

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा त्याने दोन्ही हात भाचीच्या खांद्यांवर ठेवले होते. ते अजून थरथरत होते. फोटोत तेवढं दिसत नाही.