पाठीवरचं दप्तर

आठवीतली तेजल वर्गात बसतानाही पाठीवरचं दप्तर काढत नसे. दोन शाळांनी तिच्या हातावर दाखला ठेवला होता, ही तिसरी. कुणी रागावलं की ही उठून थेट फाटकाकडे चालू लागायची. शेवटी मुख्याध्यापिकांनी तिला माझ्याकडे सोपवलं.

मी दप्तराचा विषय कधीच काढला नाही. रोज मधल्या सुट्टीत पायरीवर तिच्या शेजारी बसून डबा खाल्ला, एवढंच. अंगणात चिमणी उतरली की आपण हलायचं नसतं, तसंच काहीसं.

आज समोर खो-खो रंगला होता. तेजल अचानक उठली आणि तिनं खांद्यावरून पट्टे उतरवले.

"बाई, धरा जरा. उघडू नका हं."

"नाही उघडत."

ती धावत सुटली. रिकाम्या पाठीची तेजल मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि काय धावत होती पोरगी! निघून जायची तयारी पाठीवर घेऊन कुणाला खेळता येतं का?

मुख्याध्यापिका जाता जाता थबकल्या. "अहो बाई, कधीच्या धरून उभ्या आहात! केवढं जड आहे ते. ठेवा की खाली."

"छे! तिनं मला धरायला दिलंय."