नाव घातलेले पेले

लग्नात वाटलेल्या भांड्यावरचं नाव दिसलं, की अजूनही माझं डोकं तडकतं.

धाकट्या बहिणीच्या लग्नात पप्पांनी प्रत्येक पाहुण्याला स्टीलचा एकेक पेला दिला होता. त्यांच्या लहानपणी खानदेशात लग्नाहून निघालेल्याच्या हातावर खोबऱ्याची वाटी ठेवत. पुढे टॉवेल-टोपी आली, ब्लाउजपीस आले. पण पप्पा सिल्वासाच्या कारखान्यात फिटर, त्यांना टिकाऊ वस्तू हवी होती. पेल्यांवर नवरा-नवरीची नावं कोरून घेतली आणि रिकामं भांडं देऊ नये म्हणून प्रत्येकात मूठभर साखर घातली. दोघांचं गोड राहावं, एवढाच त्याचा अर्थ.

दोन वर्षांत बहीण अंगावर वळ घेऊन परत आली. फारकत झाली. पेले मात्र टिकले! बहिणीला घेऊन डोकमर्डीला मामीकडे गेले, तर मामीने नेमका तोच पेला तिच्यापुढे धरला. बहिणीने नवऱ्याच्या नावावर अंगठा ठेवला आणि ती पाणी प्यायली.

"मामी, दुसरं भांडं नव्हतं का घरात?" मी ओरडलेच.

"पेल्याले काय झालं, माय? चांगला जाड हाये."

जाड! पेल्यापेक्षा माणसांची कातडी जाड. त्या दिवसापासून बहिणीने कुणाच्याही घरी जाणं सोडलं.

मग मीच नवे, कोरे पेले घेऊन दर रविवारी नातेवाइकांकडे फिरू लागले. पार खानवेलपर्यंत गेले. नवा द्यायचा, जुना घ्यायचा. तिथल्या एका काकूंनी तर विचारलं, "यात साखर नाही का घातली?" मी चपला घातल्या.

जुन्या पेल्यांची जड पिशवी घेऊन घरी पोचले, तर पप्पा दारात बसून तसल्याच पेल्यातून पाणी पीत होते. शेजारी बहीण. माझा तोल सुटला.

"पप्पा, तुम्हाला तरी कळायला हवं होतं! मी ही ब्याद भंगारात घालायला वणवण करतेय, आणि तुम्ही हिच्यासमोर..."

बहिणीने त्यांच्या हातातला पेला घेऊन माझ्यापुढे धरला. नवऱ्याचं नाव कानशीने घासून काढलेलं होतं. तिथे नुसता खरखरीत पट्टा. तिचं नाव होतं तसंच होतं.

"माझ्या पोरीचं नाव भंगारात कशाला घालू?" पप्पा म्हणाले आणि कानस आणायला आत गेले.

बहिणीने माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली.