हाताची रेस

देवाने जगात एकच माणूस पूर्ण मन लावून घडवला आणि नेमका तो माझा साडू निघाला, ही माझी देवाकडे जुनी तक्रार आहे. साडू म्हणजे धाकट्या मेहुणीचा नवरा. मी थोरला जावई, तो धाकटा. सासरी, पापडी गावात, माझं पान आधी वाढतात, पण कौतुक त्याच्या पानात आधी पडतं. पंचावन्न वर्षांचा घोडा, तरी डोक्यावर केस असे की कंगवा अडकावा. माझ्याकडे कंगव्याला अडकायला आता काही उरलेलं नाही. त्याच्या वाडीतला चाफा माझ्या चाफ्याच्या आधी फुलतो. त्याचं बावखल, म्हणजे वाडीतलं ते छोटं तळं, मे महिन्यातसुद्धा तळ दाखवत नाही. माझ्या बावखलात होळीनंतर बेडूकही राहायला तयार नसतात. "त्याच्या हाताला गुण आहे," सासूबाई येता-जाता म्हणतात. एकदा मी न राहवून विचारलं, "आणि माझ्या हाताला?" त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाल्या, "तुमच्या हाताला घड्याळ छान दिसतं."

या माणसाला दुरुस्तीचं वेड आहे, आणि वेड असं की विचारणं नाही, सांगणं नाही. आमच्या घरी चहाला आला आणि चहा उकळेपर्यंत फ्रिजचं दार डावीकडून काढून उजवीकडे लावून मोकळा झाला. "आता भिंतीला आपटणार नाही," म्हणाला. नाही आपटत. मी मात्र अजून दुधासाठी चुकीच्या बाजूला हात घालतो आणि त्याच्या नावाने खडे फोडतो. माझ्या मुलीच्या लग्नात फोटोच्या वेळी हा गायब. सगळं वऱ्हाड शोधतंय, आणि हा सूट घालून बँडवाल्यांच्या जनरेटरखाली आडवा. वर आला तो कॉलरला काळं फासून. अल्बममध्ये तो डाग स्पष्ट दिसतो. आमची ही म्हणते, सगळ्या अल्बममध्ये तोच एक फोटो जिवंत आहे. त्या फोटोत नवरीचा बापही उभा आहे, हे कुणाच्या लक्षातच येत नाही! त्याच्या शर्टाच्या खिशात दहा नंबरचा पाना कायम असतो, चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेलासुद्धा. फक्त दुपारी दोन ते चार हा माणूस कशालाच हात लावत नाही. फणसाखाली खाट टाकतो आणि घोरतो. ते घोरणं चर्चच्या फाटकापर्यंत ऐकू येतं असं म्हणतात, आणि मी ते मुद्दाम उभं राहून तपासलेलं आहे. येतं.

तर या सगळ्यात माझ्याकडे काय होतं? पाय होता. उजवा. गावच्या सणाला मरीयामातेची मूर्ती फुलांनी सजवलेल्या पिकअपमधून गावभर फिरते. पुढे मुलींच्या हातात मेणबत्त्या, मागे सगळं गाव, आणि गाडी माणसाच्या चालीने चालवायची. सांगायला सोपं आहे. क्लच अर्धा, ब्रेक हलका आणि रेस इतकीच की इंजिन बंद पडू नये आणि गाडी पळू नये. त्यात चर्चच्या अलीकडे मोरीचा, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा, चढ. तिथे पाय ब्रेकवरून उचलून रेसवर न्यायचा, तेवढ्यात गाडी मागे सरकते, मग झटका बसतो. भल्याभल्यांनी तिथे मातेला हलवलेलं आहे. मी बावीस वर्षं हलवली नाही. म्हातारे फादर म्हणायचे, "याच्या पायाखाली अंडं ठेवलं तरी फुटणार नाही." हे वाक्य मी आमच्या हिला इतक्यांदा ऐकवलंय की मी तोंड उघडलं की ती अंड्यांचा विषय बदलते.

आणि गेल्या वर्षाच्या आदल्या वर्षी मोरीवर माझा गुडघा थरथरला. मूर्ती डुलली, पुढची फुलदाणी खाली आली. गाव "आई गं" म्हणालं. मी ताबडतोब जाहीर केलं, "क्लच प्लेट गेली!" सगळ्यांनी मान डोलावली. साडूही मागून चालत होता. त्याने फुलदाणीचे तुकडे तेवढे गोळा केले. मला वाटलं, हे पण चिकटवून आणून दाखवणार आता.

त्याच उन्हाळ्यात त्याने त्याच्या पिकअपला हाताची रेस बसवली. कारण असं की वाडीत वीज गेली की तो पिकअपच्या इंजिनाला पट्टा लावून बावखलातला पंप फिरवतो. त्यासाठी कुणीतरी रेस दाबून धरायला हवी. आधी त्याने वीट ठेवून पाहिली, ती घसरली. मग बायकोला बसवलं. माझी बिचारी मेहुणी दुपारभर पिकअपमध्ये रेसवर पाय ठेवून रोझरी म्हणायची. शेवटची लितानी, ती लांबलचक आळवणी, आली की तिचा पाय जड व्हायचा आणि तिकडे केळींना पुराचं पाणी. शेवटी तिने सांगितलं, "मी लग्न माणसाशी केलंय, पंपाशी नाही." मग याने आमच्या सासऱ्यांच्या जुन्या स्कूटरची गिअरची वायर घेतली, ती रेसला जोडली आणि स्टिअरिंगजवळ एक दांडी बसवली. दांडी ओढून सोडली की जिथे ठेवाल तिथे रेस थांबते. दांडीला मूठ म्हणून सासूबाईंच्या कपाटाच्या खणाची पांढरी चिनी मातीची मूठ. ती स्कूटर मी मागितली होती, हे इथे नोंदवून ठेवतो.

मला वाटलं होतं, हे पंपापुरतंच आहे. कसलं काय! गेल्या वर्षी सणाच्या महिनाभर आधी कमिटीची मीटिंग झाली आणि चेअरमन म्हणाले, "या वेळी मूर्तीला यांची पिकअप घेऊ. हाताची रेस आहे, झटक्याचा प्रश्नच नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. न वाजवून सांगतो कुणाला? घरी येऊन मात्र माझा तिळपापड झाला. "बावीस वर्षं! आणि आता एका खणाच्या मुठीने…" ही वाल सोलत होती. म्हणाली, "त्यांनी गाडी मागितलीय त्याची. तुम्हांला कुणी काय म्हटलंय?" बायकांना मानापमान कळत नाही, असं म्हणून मी जेवलो नाही. म्हणजे थोडंच जेवलो.

पुढे आठवड्याने मी त्याच्याकडे गेलो तर हा ती दांडी काढून पुन्हा बसवत होता, आधीपेक्षा बरीच जवळ. साडू सहा फूट, हात म्हणजे बांबू. आणि मूठ आणून ठेवली पार पोटाशी. मी मनातल्या मनात खूश झालो. चला, याच्याही हातून काहीतरी चुकतं. "लांब बरी होती की," मी उगाच म्हणालो. "असू दे, साडूभाऊ," तो म्हणाला, "अशी सोयीची आहे."

आता जे सांगणार आहे ते मी फक्त कन्फेशनला सांगितलेलं आहे. सणाच्या आदल्या दुपारी मी त्याच्या वाडीत गेलो. फणसाखाली घोरणं चालू. अंगणात पिकअप धुऊन उभी. मी त्याच्याच पेटीतला पाना घेतला, दांडीखाली वाकलो आणि वायर धरणारा बोल्ट दीड आटा सैल केला. जास्त नाही हो, दीडच. मोरीवर दांडी निसटावी, इंजिन बंद पडावं आणि गावाला कळावं की पाय तो पाय. पाना पेटीत ठेवला आणि घरी आलो. रात्री ही म्हणाली, "आज जेवलात बरं पोटभर."

सणाच्या दिवशी मी मिरवणुकीत मुद्दाम मागे उभा राहिलो. तर साडू नवा शर्ट घालून गर्दीतून माझ्याकडेच आला. "साडूभाऊ, बसा की गाडीत."

"मी?"

"मग कोण? मला हळू चालवता येतं का? मी बसलो तर माता अर्ध्या तासात समुद्रावर पोचेल!"

लोक हसले. चेअरमनने दार उघडलं. ही माझ्याकडे बघत होती, सासूबाई बघत होत्या. आता काय सांगू, की बोल्ट सैल आहे? आणि मला कसं माहीत? मुकाट्याने बसलो. हात सहज पुढे केला आणि ती पांढरी मूठ बरोबर माझ्या तळव्यात आली. ना लांब, ना जवळ. माझा हात आखूड आहे. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तोंड कुठे लपवावं ते कळेना.

गाडी निघाली. चर्चच्या गाणाऱ्यांचं कयर गात होतं, मी मात्र माझ्या भाषेत मातेची विनवणी करत होतो. आज हलू नकोस बाई, चूक माझी आहे. मोरी आली. पाय ब्रेकवर, हात मुठीवर. केसभर ओढली. आता निसटेल, आता निसटेल… नाही निसटली. गाडी एका लयीत चढून वर आली. मूर्तीपुढच्या मेणबत्तीची ज्योतसुद्धा हलली नाही.

खिडकीशी साडू चालत होता, हातात मेणबत्ती. पुढे बघत, हळू आवाजात म्हणाला, "घट्ट आहे, साडूभाऊ. काल संध्याकाळी आवळलं. दीड आटा सैल होता."

मी पुढे बघतच विचारलं, "तू… तू झोपला होतास ना?"

"मी दुपारी झोपत नाही हो. पडतो नुसता."

"आणि घोरणं?"

"नाही घोरलो तर बायको कामाला लावते."

चर्चच्या दारात सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. फादर म्हणाले, "पाय पूर्वीसारखाच आहे." साडू शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "मग! आमच्या साडूभाऊंचा पाय आहे." माझा पाय! माझ्या पायाने त्या दिवशी ब्रेकवर नुसतं बसून राहण्यापलीकडे काही केलं नव्हतं. त्याने आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. निदान मला त्याच्यावर चिडता तरी आलं असतं. केसांचा, चाफ्याचा, पाण्याचा हेवा मी कसाबसा पचवला होता. आता या गोष्टीचाही करावा लागतो.

कन्फेशनला फादरांनी मला प्रार्थना दिल्या, त्या मी म्हटल्या. शिवाय म्हणाले, साडूची माफी माग. ती राहिली आहे. यंदाच्या सणालाही मोरीच्या अलीकडे मी मनाशी ठरवलं, आता बोलायचंच. खिडकीतून बाहेर पाहिलं तर तो मेणबत्तीची वात सरळ करत चालला होता, आणि यंदा उजव्या पायाने जरा लंगडत होता. "काय झालं रे?" मी विचारलं. "काही नाही," तो म्हणाला, "क्लच प्लेट." मी गाडी अजून थोडी हळू केली.